पडवीतून दिसलेला शेवट

लग्न होऊन पूर्णेला येईपर्यंत मी एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता. दोष माझ्या वडिलांचा. ते सोनपेठला मास्तर होते. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा आम्हाला हौसेनं घेऊन जायचे, आणि शेवटची मारामारी सुरू झाली रे झाली की उठायचे. "चला, गर्दी व्हायच्या आत निघू." आम्ही अंधारात चपला शोधत असायचो आणि मागं पडद्यावर नायिका किंचाळत असायची. ती वाचली की मेली, मला आजतागायत ठाऊक नाही.

मग शेवट मीच करायची, झोपण्यापूर्वी, गोधडीत पडल्या पडल्या. माझ्या शेवटात नायिका बोलायच्या. पिक्चरमधल्या बायकांचा मला एकाच गोष्टीसाठी राग यायचा, त्यांच्या गप्प बसण्यासाठी. नवरा संशय घेतोय, सासू घराबाहेर काढतेय, आणि ही बया खांबाला धरून रडतेय. अगं, एक वाक्य बोल ना! "ते पत्र माझ्या भावाचं आहे" एवढं म्हणालीस तर अर्ध्या तासात सगळे जेवायला बसतील. हे मी तंबूत मोठ्यानं म्हणायची आणि आई मला चिमटा काढायची.

१९८६ साली मला पूर्णेला दिलं. माझं नाव सुमंगला. नवऱ्याचं नाव भुजंग. घ्यायचं नसतं, पण घेतल्याशिवाय तुम्हाला गोष्ट कळायची कशी? हे रेल्वेत, मालगाडीवर. चार दिवस घरी, चार दिवस लाइनीवर. स्वभावानं गरीब, घरात कुणाचा आवाज चढला की अंगात सदरा अडकवून बाहेर पडणारे. सासरे अप्पाराव मालधक्क्यावरून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, पण घर अजून टाइमटेबलावर चालवायचे. सासूबाई कस्तुराबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पत्र्याचं, आणि रेल्वेच्या डब्यांसारखं एकामागं एक खोल्यांचं. पुढं बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं उघडी पडवी.

पुढच्या वर्षी सासऱ्यांनी टीव्ही आणला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. बैठकीत देवघराला लागून ठेवला, कारण विजेची सोय तिथंच होती. रविवारी सकाळी देवांची मालिका लागायला लागली आणि बघता बघता टीव्हीचाच देव झाला. सासरे आंघोळ करून, उदबत्ती ओवाळून मग त्याची दारं सरकवायचे. गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन खाली बसायच्या. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं आमच्याकडं पाळायचेच. आता बाजूला बसलेलीनं देवघरासारखंच टीव्हीसमोरही यायचं नाही, असा नियम झाला. संध्याकाळी त्याच टीव्हीत नट-नट्या झाडांमागं पळायच्या, तरी विटाळ तोच.

रविवारी पावणेसहाला हिंदी पिक्चर लागायचा. मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बघायची. सासऱ्यांचं जेवण आठला. आठ म्हणजे आठ, आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात. ताट टीव्हीसमोर. पिक्चर संपायचा नऊच्या सुमाराला. म्हणजे गोष्ट रंगात आली की मी उठून चुलीपुढं बसायची. चूल कोपऱ्यात, तिथून समोर भिंतच. आत्याबाई सासऱ्यांना वारा घालत शेवटपर्यंत बघायच्या. तीस वर्षं चुलीपुढं काढून आता सून आल्यावर त्यांना बसायला मिळालं होतं. मला त्यांचा राग यायचा, आणि रागवायला जागा नाही हेही कळायचं.

सोमवारी नळावर शेजारची विमल विचारायची, "मग? काय झालं शेवटी?" तिच्याकडं टीव्ही नव्हता. मी माझा शेवट ठोकून द्यायची. एकदा तिनं मला पकडलं. "तू तर म्हणलीस ती वकील झाली. तुझी सासू सांगायलीय की ती मेली!" मी म्हणाले, आधी वकील झाली, मग मेली.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझे दिवस नेमके रविवारी आले. तरट आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी पडवीत जाऊन बसले. संध्याकाळ झाली, आणि मला शोध लागला. पडवी, स्वयंपाकघर, मधली खोली, सगळी दारं एका रेषेत होती. दारं उघडी असली की पडवीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यातून थेट टीव्ही दिसायचा. पडदा एवढासा, पण चेहरे ओळखू यायचे. आणि आठ वाजले तरी मला कुणी उठवणार नव्हतं. बाजूला बसलेल्या बाईच्या हातची भाकरी कोण खाईल? चुलीपुढं आत्याबाई होत्या.

त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी 'समाप्त' ही पाटी पाहिली. पिक्चर कसला होता ते सोडा, दोन भाऊ ताटातूट होऊन भेटले, पण मी हमसून हमसून रडले. आत्याबाईंनी दुरून ताट सरकवलं. "पोट लय दुखायलंय का?" मी मान हलवली.

पुढच्या महिन्यापासून मी खोटं बोलायला लागले. दिवस बुधवारी येणार असले तरी रविवारीच तरट घेऊन मागं जायची. मग खरे दिवस आले की कुणाला कळू न देता सगळं काम करायची, फक्त देवाच्या भांड्यांना काही ना काही कारण काढून हात लावायची नाही. यात कुणाला शंका येण्यासारखं काही नव्हतंच. बाई विटाळ लपवते, हे सगळ्यांना माहीत असतं. नसलेला विटाळ कुणी सांगेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण घरात एक जण हिशेब ठेवत होतं. आत्याबाईंना वाचता यायचं नाही, तारखा मात्र कळायच्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी बाजूला बसले त्या दिवशी त्या कुंकवाचा ठिपका लावायच्या. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि त्यांना नातवाची वाट होती. ठिपका लावताना असा सुस्कारा टाकायच्या की मला चोरी केल्यासारखं वाटायचं. तरी पुढच्या महिन्यात मी परत जाऊन बसायची. मला ते तीन तास हवे होते. लाजायचं कशाला, हवेच होते.

जूनच्या नऊ तारखेला हे तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी सिकंदराबादला गेले. बाराला रविवार. माझे दिवस टळून गेले होते, पण आज ना उद्या येतील म्हणून मी बसून टाकलं. आत्याबाईंनी ठिपका लावला.

त्या रविवारचा पिक्चर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यातही तशीच एक गप्प बाई होती. नवरा तालेवार, संशयी, आणि ही भिंतीकडं तोंड करून उभी. मी पडवीत दातओठ खात होते. बोल ना गं, बोल! शेवटपर्यंत ती बोललीच नाही. पण शेवटी तिनं एक पत्र्याची पेटी उचलली, स्टेशनवर गेली आणि गाडीत बसली. नवरा फलाटावरून धावत आला. मला वाटलं, आता कुणीतरी साखळी ओढणार. कुणी ओढली नाही. गाडी निघाली, तिनं खिडकीतून पुढं बघितलं, मागं नाही. संपलं. नेमकी तेव्हाच आमच्या घरामागून मालगाडी चालली होती, त्यामुळं मला शेवटचं संगीत ऐकू आलं नाही, नुसती पडवी हादरत होती. मी उठून उभी राहिले होते. असाही शेवट करता येतो? बोलायचं नाही, रडायचं नाही, नुसतं जायचं? दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

जुलैच्या दहाला मी पुन्हा बसले. खरे दिवस अजून आलेच नव्हते. उशीर होतो कधी कधी, असं मी स्वतःला सांगत होते, आणि खरं सांगायचं तर मी मोजतच नव्हते. खोट्या तारखांच्या नादात खऱ्या तारखा माझ्या हातून सुटल्या होत्या. त्या दिवशीचा पिक्चर इतका टुकार होता की नाव काढायची लाज वाटते. त्या टुकार पिक्चरपायी मी माझा गळा कापून घेतला.

महिनाअखेरीला फोडणीच्या वासानं मला मळमळायला लागलं. एक दिवस पीठ चाळता चाळता नजर कॅलेंडरवर गेली, आणि हातातली चाळणी तशीच राहिली. यांचं जाणं जूनच्या नऊला. त्यानंतर कुंकवाचे दोन लाल ठिपके, बारा जून आणि दहा जुलै. माझ्या पोटात मे महिन्यातलं, यांचं मूल होतं. पण घराच्या कॅलेंडरात ते जुलैनंतरचं होतं, आणि जुलैनंतर माझा नवरा सिकंदराबादला होता.

यांना पत्र लिहावं, तर पत्रं सासरे वाचून, खाली आपल्या दोन ओळी घालून टाकायचे. पंचमीला माहेरी जाऊ का विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "भुजंग आल्यावर जा. एवढी काय घाई लागलीय?" विमलला सांगावं, तर नळ म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. रात्रंदिवस मी एकच वाक्य मनात घोळवत होते. "आत्याबाई, मी खोटंच बसले होते." पाच शब्द. तंबूत बसून कितीतरी बायकांना मी तेच शिकवलं होतं. चुलीपुढं बसले की वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि मागं फिरायचं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बाजूला बसायची हिंमत झाली नाही. कॅलेंडर कोरं राहिलं, आणि आत्याबाई माझ्याकडं निरखून बघायला लागल्या.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मी मागं ओकत होते, तेव्हा त्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. सासरे स्टेशनवर जुन्या मंडळींत बसायला गेले होते. आत्याबाईंनी माझ्या हाताला धरलं आणि मला कॅलेंडरपुढं उभं केलं.

"नऊला भुजंग गेला." त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "ही बारा. अन ही दहा. तो गेल्यावर दोनदा बसलीस तू. मग हे कुणाचं हाय गं?"

मला धरायला खांब नव्हता, म्हणून मी फडताळाला धरलं. आणि रडले. अगदी तशीच, पिक्चरमधल्यासारखी. तेव्हा मला त्या बायकांचं गप्प बसणं कळलं. त्यांना वाक्य येत नव्हतं असं नाही. ते ऐकून कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

"बोल. ते यायच्या आत बोल."

"मी खोटंच बसले होते, आत्याबाई. दोन्ही वेळा. दिवस मेपासूनच गेलेत."

"खोटं? अन कामून?"

"पिक्चरचा शेवट बघायला."

त्या हसल्या. चांगलं हसणं नव्हतं ते. "मला काय येडी समजायलीस? पिक्चरसाठी कुणी विटाळशी बसतं?"

"पडवीच्या कोपऱ्यातून टीव्ही दिसतो. खरंच दिसतो. आणि तुमी आठवून बघा, त्या चार-चार दिवसांत दोरीवर माझे विटाळाचे कपडे दिसले का तुमाला? एकदा तरी?"

आत्याबाई पडवीत गेल्या. कोपऱ्यात, मी बसायची तिथं, गुडघ्यांवर हात टेकून खाली बसल्या आणि दारांतून पुढं बघितलं. बराच वेळ बघितलं. परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"बाराचा पिक्चर. ती बाई होती बघ, भित्तीकडं तोंड करून उभी राहायची. मी भाकऱ्या टाकायला उठले होते. काय झालं तिचं?"

मी सांगितलं. पेटी, स्टेशन, गाडी, फलाटावर धावणारा नवरा.

"साखळी कुणी वढली न्हाई?"

"न्हाई."

"अन मग परत?"

"परत आली न्हाई. गाडीत बसूनच संपला."

आत्याबाई चुलीजवळच्या पाटावर बसल्या. "मी यांना पिक्चर संपल्यावर इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "हे म्हणले, नवऱ्यानं समजूत काढून घरी आणली तिला. सगळं चांगलं झालं."

मला वाटलं, आता त्या माझ्या बाजूनं झाल्या. इतका वेळ अंगात भरलेली भीती उतरायला लागली होती. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले.

"थांब," त्या म्हणाल्या. "दोरीवर कपडे न्हवते, हे मला ठावं हाय. पण ते मी म्हणीन तवाच खरं."

सासरे आले तेव्हा त्यांनी पदर सावरून बैठकीत जाऊन सांगितलं, "सुनंला दिवस गेलेत. तिसरा सरला."

सासऱ्यांनी चष्मा काढला. हिशेबाचा माणूस. "तिसरा? मग जून-जुलैत दोनदा बाजूला बसली होती ती? मी स्वतः बघितलंय."

मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते. भिंतीकडं तोंड करून.

"पयल्या पयल्यानं दिसतं कुणाकुणाला तसं," आत्याबाई म्हणाल्या. "भुजंगाच्या वक्ताला मला बी दोन महिने दिसलं होतं. तुमाला काय ठावं बायांचं?"

सासऱ्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ठीक हाय. तो बंदोबस्त तुमचा तुमी बघा." आणि यांना पत्र लिहायला बसले. माझ्या मुलाची बातमी सासऱ्यांच्या अक्षरात गेली.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी कॅलेंडरची जून आणि जुलैची पानं काढली, घडी केली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. किल्ली कमरेला. मग माझ्यासमोर बसल्या. आवाजात राग नव्हता, नेहमीसारखं डाळ-तांदळाचं सांगावं तसं सांगितलं.

"हे दोन कागद माह्याजवळ राहतील. भुजंगाला काय सांगायचं न्हाई. रविवारी तू चुलीपुढं. बाजूला बसशील तवा पडवीचं दार लावलेलं असंल. अन बाळंतपण हितंच होईल."

"पहिलं तर माहेरी असतं, आत्याबाई."

"असतं. तिथून तू परत येशील कशावरून?"

म्हणजे मी तो शेवट सांगत होते तेव्हा माझ्या तोंडावर काय होतं, ते त्यांनी वाचलं होतं.

फेब्रुवारीत मुलगा झाला. पूर्णेलाच. वडील सोनपेठहून एस.टी.नं आले, नातवाला घेऊन बसले, आणि शेवटच्या गाडीला गर्दी होते म्हणून लवकर उठले. यांनी सिकंदराबादहून साडी आणली होती, जांभळी. चांगला माणूस. अनेकदा वाटलं, यांना तरी सांगावं. पण सांगायला गेलं तर पहिलंच वाक्य 'मी खोटं बोलले' असं येतं, आणि त्याच्यापुढचं ऐकायला हे थांबतील की सदरा अडकवून बाहेर पडतील, ते मला सांगता येत नाही.

मुलगा आता पाच वर्षांचा आहे. टीव्ही रंगीत झाला. देवांच्या मालिका संपल्या, तरी पेटीवर कुंकवाचं बोट आहेच. यंदा संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या संध्याकाळी बातम्या ऐकायला बैठक माणसांनी भरली होती. मी लहान होते तेव्हापासून ऐकत आलेला वाद तो. त्याचाही शेवट मी चुलीपुढून ऐकला.

विमलनं आता स्वतःचा टीव्ही घेतलाय, ती मला काही विचारत नाही. मीही आता शेवट करत नाही. पूर्वी झोपताना आपोआप व्हायचे, आता होत नाहीत. नायिका त्या पत्र्याच्या पेटीपर्यंत जाते आणि पुढं काही दिसत नाही.

रविवारी नऊ वाजता पिक्चर संपला की आत्याबाई गुडघ्यांवर हात ठेवत उठतात आणि स्वयंपाकघरात येतात. मी विचारत नाही. त्याच सांगतात. "आली गं परत. नवऱ्यानं समजूत काढून आणली. सगळं चांगलं झालं." सांगताना माझ्याकडं बघत नाहीत, तव्याकडं बघतात. गेली सहा वर्षं दर रविवारी कुणी ना कुणी परत येतंच. मी "बरं झालं" म्हणते आणि शेवटची भाकरी थापते. एक बाई तेवढी गेली होती, ते आम्हा दोघींनाच माहीत आहे, आणि तिचा विषय आम्ही काढत नाही.